ज्याचा त्याचा मूळपुरुष

अरे देवा, काय हे दिवस! पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांत पूर्वी पार्किंगवरून जुंपायची, आता थोरली पाती कुणाची नि धाकटी कुणाची यावरून जुंपते. तुमचा मूळपुरुष कोण? वतन घेऊन आला की नुसताच आला? सांगता येत नाही? मग कसले हो तुम्ही घरंदाज!

पूर्वी बरं होतं. त्र्यंबकेश्वरी जायचं, तीर्थोपाध्यायांच्या चोपडीत आजोबांची सही बघून डोळे पुसायचे, दक्षिणा ठेवून परतायचं. आता चाकणच्या कंपनीतली नाइट शिफ्ट उरकून आलेला गडी झोपायचं सोडून मोडी गिरवतो! मोडीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ही तर पर्वणीच. हवं तिथं तोडा, सरदार निघतो.

बरं, नादी लागलेले कोण? शाळेत इतिहासाच्या तासाला डुलक्या काढणारे! तेच आता सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकाचे जुने अंक धुंडाळतात. मंडळ १९१० चं, पण यांना जाग आली आत्ता. बोस्टनवाले तरी कुठं शहाणे? त्यांचं वंशावळींचं त्रैमासिक १८४७ पासून चालू आहे. आणि चिंचवडच्या देव घराण्यावर तर केंब्रिजनं १९८९ मध्ये अख्खा ग्रंथ छापला. मग शेजाऱ्यांच्या पोटात दुखणार नाही?

खरी बहार चाकणला. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी संग्रामदुर्ग पन्नासहून अधिक दिवस झुंजवला. मूठभर? आजचे दावे मोजा! इतके सगळे पूर्वज आत असते, तर शाएस्ताखान वेढा घालायला थांबलाच नसता. पळून गेलेला एकही नाही, खानाच्या छावणीला दाणावैरण विकलेला तर नाहीच नाही!

मग संमेलन. निगडीचं मंगल कार्यालय, फेटे, तुतारी, फ्लेक्सवर वटवृक्ष. फांदीफांदीवर बाप्येच बाप्ये. बायका? पंधरा पिढ्या पोरं काय पारंब्यांना लागली? विचारायची सोय नाही. विचारणारीला जिलबी वाढायला पिटाळतात.

हसताय? मग रात्री साडेअकराला आत्याला व्हॉट्सॲपवर ‘खापरपणजोबा काय करायचे गं?’ असं विचारलं कुणी? तिनं बिचारीनं खरं ते कळवलं, पाटलांकडे सालगडी होते. आणि आपण वहीत काय उतरवलं? ‘पाटील घराण्याशी निकटचे संबंध.’