थंड हवेचे तात्या

पाचगणीत उन्हाळा येतच नाही, असं तात्यांचं ठाम मत आहे. तो वाईपर्यंत येतो, पसरणीचा घाट बघून दमतो आणि माघारी जातो. एप्रिलात स्वतःच्या कानशिलांवरून धारा लागल्या, तरी तात्या म्हणतात, "ऊन कसलं? चालून आलोय न्हवं!"

बाजारात त्यांचं चार खोल्यांचं लॉज आहे. पाटीवर ‘नैसर्गिक एसी’, छपरावर पत्रा. पाहुण्यानं पंखा मागितला की तात्या दुखावतात. "पंखा? पाचगणीत? पाव्हणं, चेसनसायेब इथं काय पंखा बसवायला आला हुता?" मग १८६० च्या दशकात पाचगणी वसवणारा तो चेसन, त्यानं लावलेले सिल्व्हर ओक, हवापालटाला येणारे पारशी, सगळा इतिहास पाहुणा घाम पुसत ऐकतो.

हजार मीटर चढलं की साधारण सहा अंश सुटतात. वाई ते पाचगणी चढ जेमतेम सहाशे मीटरचा. म्हणजे घाटात गळतात ते तीन-चार अंश, बाकीचे एसटीनं वर येतात. पण हा हिशेब तात्यांपुढे मांडायचा कुणी?

नातवानं एकदा हवामान खात्याचा निकष वाचून दाखवला: उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानात पारा ४० ला गेल्यावर, डोंगराळ भागात ३० लाच. तात्या उसळले. "म्हंजे तिसाला आपण आडवं, आन् वाईकर चाळिसाला धडधाकट?" थंडाव्याला सरावलेल्या अंगाला थोडं ऊनही जास्त लागतं, हे त्यांना कमीपणाचं वाटतं.

म्हणूनच ते भर बाराला पाहुण्यांना टेबललँडवर धाडतात. जांभ्याचं उघडं पठार. सावली म्हणाल तर घोड्याची. कुणी भोवळ येऊन परतलं की तात्यांचं निदान तयार: पित्त. दुसराही परतला, तर सकाळची मिसळ. सूर्यावर आळ म्हणून नाही.

शेवटी माईंनी हट्टानं पंखा आणवला. "पावसाळ्यात कापडं वाळवायला," हे तात्यांनी दुकानदाराला दोनदा बजावलं. पाचगणीच्या पावसात कपडे वाळत नाहीत, हे खरंच. पण महिना मे होता. दुपारी पंख्याखाली दोरीवर एक टॉवेल, टॉवेलाखाली तात्या.

"अहो, वाळला की तो! करू का बंद?" माईंनी विचारलं.

तात्यांनी टॉवेल ओढला, तांब्यात बुचकळला आणि डोक्यावर घेतला.

"कुठं वाळलाय? हात लावून बघ."