पाणी पॅकेजमध्ये नाही

जव्हारच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात गेल्या मंगळवारी भाऊसाहेबांनी चहाचा कप बाजूला सारला आणि माझ्यासमोर दोन गुळगुळीत पुस्तिका ठेवल्या. "बघा जरा. भारीतली घेऊ की स्वस्तातली?"

मला वाटलं सोफा असेल. निघाली क्रूझ.

नाशिकला फ्लॅट आणि मोखाड्याला नोकरी असलेल्या माणसाला मे महिना जवळ आला की समुद्र दिसायला लागतो. तीन वर्षांपूर्वी तो दिवेआगरला दिसला, मग तारकर्लीला, मागच्या साली गोव्याला. यंदा वहिनींच्या भिशीतल्या दोघी जहाजातून फिरून आल्या आणि डेकवर हात पसरून काढलेले फोटो त्यांनी स्टेटसला ठेवले. तेव्हा जायचं की नाही हा प्रश्न उरलेला नाही. मुंबईला चढायचं, चार रात्री समुद्रावर काढायच्या, मुंबईलाच उतरायचं. भाऊसाहेब, वहिनी, दोन मुलं आणि आई. आईंचे गुडघे गेलेत, पण जहाजात लिफ्ट आहे.

माझा बोटीचा अनुभव म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रेवसपर्यंतची लाँच, तीही एकदाच, आणि तिच्यात माझं काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमच्या आधीच्या पिढीतले कोकणी चाकरमानी आगबोटीने गावी जायचे. तिथे डेकवर वळकटी टाकणाऱ्याला कुणी पुस्तिका दाखवत नसे. पण पेपरात लिहिणाऱ्याला सगळ्यातलं कळतं असा भाऊसाहेबांचा समज आहे आणि तो मी मोडत नाही. चहा तेच पाजतात.

स्वस्तातल्या जहाजाच्या खोलीला खिडकी नव्हती. "खिडकी नाही, मग आपण समुद्रात आहोत हे कळणार कसं?" मी विचारलं. "मळमळेल ना," भाऊसाहेब म्हणाले. भारीतल्याला बाल्कनी, बाल्कनीत दोन खुर्च्या, आणि दर जवळजवळ दुप्पट. इथवर सगळं सरळ होतं. मग त्यांनी स्वस्तातल्या पुस्तिकेचं शेवटचं पान उघडलं, खिशातून चष्मा काढला आणि मुंगीएवढ्या अक्षरांवर बोट ठेवलं.

'पॅकेजमध्ये समाविष्ट नाही' असं वर लिहिलेलं. खाली टिप, वाय-फाय, कपड्यांची धुलाई. आणि चौथ्या ओळीत बाटलीबंद पाणी.

"पाणी!" भाऊसाहेबांचा आवाज चढला. गल्ल्यावरच्या शेठने मान वर केली. "दारूचे घ्या, मी समजू शकतो. पण प्यायच्या पाण्याचे पैसे? माणसाने जगायचं कसं? माणुसकी म्हणून काही आहे की नाही?"

मी बशीतला चहा संपवला. दुसरं काय करणार? हे गृहस्थ मोखाडा तालुक्यातल्या एका गावाचं दप्तर सांभाळतात. त्या गावाचे पाच पाडे होळीच्या आत कोरडे पडतात. तिथल्या बाया रात्री दोनला उठून विहिरीत उतरतात. उतरतात म्हणजे खरोखर उतरतात, कठड्यावरून दोर सोडून नव्हे. तळाला झऱ्याचा खळगा असतो, त्यात वाटीभर पाणी साचतं. ते वाटीनेच भरायचं, हंड्याच्या तोंडाला बांधलेल्या लुगड्याच्या फडक्यातून ओतायचं, आणि पुढची वाटी साचेपर्यंत अंधारात खडकाला टेकून बसायचं. फडक्यावर चिखल राहतो, कधी बेडकाचं पिल्लू. गेली बारा वर्षं भाऊसाहेबांना हे ठाऊक आहे, आणि माझ्या माहितीप्रमाणे या बारा वर्षांत पाण्यावरून त्यांचा आवाज चढला तो हाच.

चढला तो उतरेना. हॉटेलच्या बिलाच्या पाठीवर त्यांनी हिशेब मांडला. पाच माणसं, माणशी रोज तीन बाटल्या, म्हणजे पंधरा, चार दिवसांच्या साठ. "आईंना जास्त लागतं, गोळ्या चालू आहेत." मी म्हटलं, घरून न्या. तर २० लिटरचा जार चालेल का, हे त्यांनी एजंटला फोन करून विचारूनही झालं होतं. बंदरावर काढून ठेवतील, असं उत्तर आलेलं. आता २० लिटर हा आकडा भाऊसाहेबांच्या तोंडी आला यात नवल नाही. टंचाईच्या दिवसांत टँकरने पाणी द्यायचं ते माणशी दिवसाला २० लिटर, असा सरकारी हिशेब आहे. पिणं, रांधणं, भांडी, धुणं, अंघोळ, सगळं त्यातच. टँकरचा प्रस्ताव करताना हा गुणाकार दरवर्षी भाऊसाहेबच करतात. प्रस्ताव वर जातो, पाहणी होते, विहीर आटली आहे की नुसती रिकामी आहे यावर शेरा पडतो, शेऱ्यावर सही होते आणि मग एके दिवशी टँकर येतो. येतो आणि विहिरीत ओकतो, कारण पाड्यावर टाकी नाही. वरून आलेलं पाणी खाली ओतायचं आणि तेच, आता गाळासकट, पोहऱ्याने पुन्हा वर ओढायचं. लॉगबुकात खेपेची सही झाली की पाडा पाणी प्याला.

"जहाजावर एका प्रवाशामागे दिवसाला दोनशे-तीनशे लिटर पाणी लागतं म्हणे," मी सांगितलं. भाऊसाहेबांनी तोंडातल्या तोंडात भागाकार केला. "म्हणजे दहा-पंधरा माणसांचं," ते म्हणाले आणि एकदम गप्प झाले. मला क्षणभर आशा वाटली. "मग एवढं असताना," ते म्हणाले, "एका बाटलीसाठी कशाला मरतात?"

मग भारीतली पुस्तिका उघडली. तिच्यात पाणी फुकट. नुसतं फुकट नाही, लयलूट. पंधराव्या मजल्यावर पोहण्याचा तलाव, बाजूला गरम पाण्याची कुंडं, मुलांसाठी दोन मजली घसरगुंडी आणि तिच्यावरून पाणी सोडलेलं. हे पाणी येतं कुठून, हा प्रश्न मला पडला नसता तर सगळ्यांचाच दिवस बरा गेला असता. जहाज बंदरात गोडं पाणी भरून घेतं आणि पुढे लागेल तसं समुद्राचं बनवतं. खारं पाणी तापवून त्याची वाफ धरायची, नाहीतर दाब देऊन बारीक पडद्यातून गाळायचं. मीठ अलीकडे, गोडं पाणी पलीकडे. जगातल्या सगळ्यात मोठ्या क्रूझ जहाजात प्रवासी आणि नोकर मिळून दहा हजारांच्या घरात माणसं मावतात. २०११ च्या जनगणनेत सगळं जव्हार शहर बारा हजारांचं. म्हणजे राजवाडा, बाजारपेठ, डेपो, हनुमान पॉइंट, सगळं उचलून भर समुद्रात नेऊन ठेवलं, चहूकडे घोटभर पिण्याजोगं पाणी नाही, आणि तरी कुणाची बायको रात्री दोनला उठत नाही. ते जहाज आम्हाला द्या. थट्टा नाही करत, द्या. त्र्यंबकेश्वरच्या बाजूने तोरंगणच्या घाटातून आणू, वळणावर अडकलं तर खांदा देऊ. बाळंतपणाला अडलेली बाई डोलीत घालून पायवाटेने डांबरी रस्त्यापर्यंत आणायची आमच्या माणसांना सवय आहे, तिथे जहाज काय मोठं! सूर्यमाळच्या पठारावर नांगर टाकू. खालच्या मजल्यांवर, बिनखिडक्यांच्या खोल्यांत शाळा भरवू, तशाही आमच्या काही वर्गांना खिडक्या नाहीत. बाल्कन्या पाहुण्यांना भाड्याने देऊ. फक्त एक अडचण आहे. जहाजाच्या यंत्राला खारं का होईना, पाणी लागतं, आणि मे महिन्यात आमच्या पाड्यांवर तेही नाही. घाम चालत असेल तर एजंटला विचारून घ्या, तो खाराच असतो आणि त्याला तोटा नाही.

मी परत परत त्या पंधराव्या मजल्यापाशी येतो. पाणी जहाजाच्या पोटात तयार करायचं, पंपाने पंधरा मजले चढवायचं, कशासाठी, तर कुणाच्या तरी पोराला घसरून किंचाळता यावं म्हणून. परवडतं. आणि आमच्या मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण आहे, १०२ मीटर उंचीचं. ते झालं २०१४ मध्ये. ठाण्यातून वेगळा पालघर जिल्हा निघाला तोही २०१४ मध्येच. जिल्हा आम्हाला मिळाला, धरण मुंबईला. त्या एका धरणातून मुंबईला दिवसाला ४५ कोटी ५० लाख लिटर पाणी जातं. नदीतून मोडक सागरात, तिथून नळाने भांडुपला, भांडुपहून घराघरात, आणि बंदरात जहाज लागलं असेल तर जहाजातसुद्धा. मोडक सागर १९५७ चा, वरच्या अंगाचं अप्पर वैतरणा १९७३ चं, म्हणजे ही नदी तीनदा अडवून झाली. काठावरच्या पाड्याने मागितलं की उत्तर ठरलेलं असतं. पाणी दरीत आहे, तुम्ही वर आहात, उपसा परवडत नाही, तांत्रिकदृष्ट्या व्यवहार्य नाही. अहो, जहाजातसुद्धा पाणी खालीच असतं आणि माणसं वरच असतात! तिथे नाही कुणी प्रवाशाला सांगत की बाबा, तू पंधराव्या मजल्यावर राहतोस ही तुझी भौगोलिक अडचण आहे, हंडा घे आणि उतर.

भाऊसाहेबांचाच २० लिटरचा गुणाकार मी त्यांच्याच बिलाच्या कोपऱ्यात केला. मोखाडा तालुक्याची लोकसंख्या २०११ ला ८३ हजार. माणशी २० लिटर धरले तर अख्ख्या तालुक्याला दिवसाला साडेसोळा लाख लिटरच्या थोडं वर. ४५ कोटी ५० लाखांना त्याने भागा. दोनशे सत्तरच्या पुढे येतात. दिवस. म्हणजे हे एक धरण मुंबईला एका दिवसात जेवढं पाणी पाठवतं, तेवढ्यात सगळा मोखाडा तालुका टँकरच्या मापाने नऊ महिने पितो. ऑक्टोबरात पाऊस सरला की तिथून पुढच्या जूनपर्यंत. आम्ही काय धरण परत मागतो का? मुंबईची तहान खोटी आहे असंही कुणी म्हणत नाही. वर्षातला एक दिवस मागतोय, एक! आणि तो द्यायला पन्नास वर्षं पाहण्या चालल्या आहेत. नळाचे खांब उभे राहिले, त्यांना शेळ्या बांधून झाल्या, खांब गंजले. याला तांत्रिक अडचण म्हणू नका. तुमच्यासाठी मोटार बसवायची नाही, असं तोंडावर सांगा म्हणजे निदान आम्ही प्रस्तावाचा कागद वाचवू. पाऊस कमी पडतो म्हणावं, तर शंभर इंचांच्या पुढे पडतो. जुलैत दाभोशाचा धबधबा बघायला मुंबईच्या गाड्यांची रांग लागते, आणि काचा खाली करून ती मंडळी आम्हालाच सांगतात, "काय नशीबवान आहात हो, केवढं पाणी आहे तुमच्याकडे!"

भाऊसाहेबांनी माझा हिशेब डोळ्यांखालून घातला. "गुणाकार बरोबर आहे," ते म्हणाले, आणि बाजूच्या साठ बाटल्यांना गोल करून कागद खिशात ठेवला.

भारीतल्या जहाजाचे पैसे कुठून येणार हे मी विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं, घरभाडे भत्त्याची थकबाकी जमा झाली. हा भत्ता मिळायला माणूस मुख्यालयी राहतो असा ग्रामसभेचा ठराव लागतो. ग्रामसभेचं इतिवृत्त भाऊसाहेब लिहितात. त्यामुळे भाऊसाहेब गावातच राहतात हे गावाने एकमताने मान्य केलेलं आहे, सूचक आहेत, अनुमोदक आहेत, अंगठे आहेत. गावाला ते मंगळवारी आणि शुक्रवारी दिसतात, चार वाजेपर्यंत, कारण अंधार पडायच्या आत त्र्यंबक ओलांडायचं असतं. क्रूझला जाऊ नका असं मी कशाला म्हणू? दोनदा जा, आईंनाही न्या. पण बारा वर्षांत एक रात्र, मे महिन्यातली, त्या पाड्यावर काढली असती आणि रात्री दीडला घसा कोरडा पडून जाग आली असती, तर टँकरचा प्रस्ताव उजाडायच्या आत तालुक्याला पोचला असता. तोही भाऊसाहेबांनी स्वतः मोटारसायकलवर नेला असता आणि साहेबांच्या दारात उभं राहून विचारलं असतं, माणुसकी म्हणून काही आहे की नाही?

शेवटी भारीतलीच ठरली. आईंच्या गोळ्यांमुळे.

उठता उठता भाऊसाहेबांनी बॅगेतून एक कागद काढला. टंचाईचे दिवस असल्यामुळे रजा मिळाली तरी मुख्यालय सोडण्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. अर्जाची भाषा तेवढी बघून द्या, म्हणाले. विषय: मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळणेबाबत. मी अर्ज दोनदा वाचला. जे बारा वर्षांत धरलं नाही ते सोडायची परवानगी मागायची, आणि तीही फक्त पाच दिवसांची, यात एक प्रकारचा विनय होता. कारणाच्या जागी त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'सहकुटुंब हवापालट'. आमच्या जव्हारला जुनी माणसं ठाणे जिल्ह्याचं महाबळेश्वर म्हणायची, हवापालटाला लोक इथे यायचे. मी काही बोललो नाही. 'हवा' खोडलं आणि वर 'पाणी' लिहिलं.

भाऊसाहेबांनी चष्मा चढवून पाहिलं. "लिहिताना चुकलं तुमचं," असं म्हणून त्यांनी माझ्याच पेनाने 'पाणी' खोडलं, पुन्हा 'हवा' केलं, आणि शेठला दोन चहा त्यांच्या नावावर मांडायला सांगितले.