पक्कड, प्रवचन आणि पदक

२०१३ च्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो फाइव्ह' या व्हिडिओ गेममध्ये सरकारी खात्याच्या हुकमावरून ट्रेव्हर हे पात्र खुर्चीला बांधलेल्या माणसाचा दात उपटतं. पक्कड चालवायची खेळणाऱ्याने. मग त्या बांधलेल्या माणसालाच विमानतळावर सोडताना ट्रेव्हर प्रवचन झोडतो: छळातून माहिती मिळत नाही, छळणाऱ्याची हौस तेवढी भागते. ग्वांतानामोवाल्या अमेरिकेला चपराक चोख बसली (बनवणारे एडिनबरोचे, त्यांचं काय जातं?). अंगावर काटा यावा म्हणूनच हे दाखवलंय, असं चाहते म्हणतात. मान्य. मग टेबलावरची छळाची सगळी अवजारं वापरली की खेळातल्या सुवर्णपदकाकडे वाटचाल कशी होते? ढोंग म्हणावं, तर हाच तपशील सर्वांत वास्तववादी निघतो: पाण्याने गुदमरवणं कायद्यात बसवणाऱ्या अमेरिकी सरकारच्या २००२ च्या टिपणावर सही करणारे जे बायबी २००३ मध्ये न्यायाधीश झाले.