यक्कूवाल्यांची लखनौ वारी

पाच मराठी माणसं एकत्र आली की मंडळ स्थापन होतं आणि सहावा आला की मंडळात फूट पडते. आमचं मंडळ 'चंद्रकांता' मालिकेच्या भक्तांचं. १९९४ साली दूरदर्शनवर नीरजा गुलेरी यांची ही मालिका सुरू झाली, तेव्हा आमचे अध्यक्ष, म्हणजे माझे मामा, बँकेत होते आणि मी शाळेत. पण रविवारी सकाळी तेवढ्यापुरते आम्ही दोघं एकाच इयत्तेत असू. विजयगढची राजकन्या, नौगढचा राजपुत्र, क्षणात वेष पालटणारे अय्यार, बेशुद्धाला हुंगवून शुद्धीवर आणायचा लखलखा आणि या सगळ्यांना पुरून उरलेला क्रूरसिंह. अखिलेंद्र मिश्रांच्या त्या क्रूरसिंहाच्या भुवया थेट कपाळावर चढलेल्या असत आणि बोलता बोलता तो 'यक्कू!' म्हणून ओरडे. मामा अजूनही बारशाला गेले की पाळण्यात डोकावून भुवया चढवतात आणि तेच ओरडतात. मूल भोकाड पसरतं. मामी म्हणतात, "अहो, पुरे." हा मंडळाचा अधिकृत नमस्कार.

सहावा सभासद म्हणजे माझा भाचा. तो 'गेम ऑफ थ्रोन्स'वाला. त्याच्या मालिकेत ड्रॅगन आहेत, आठ मोसम आहेत, ७३ भाग आहेत, आणि २०१९ साली ती संपली त्याचं सुतक त्याने अजून सोडलेलं नाही. शेवटचा मोसम पुन्हा नव्याने करा, असा अर्ज तेव्हा निघाला होता आणि त्यावर दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या होत्या. त्यातली एक याची. "गोष्ट आवडली नाही म्हणून अर्ज?" मामांनी विचारलं. "आमच्या वेळी अँटेना हलवायचे."

सहलीला लखनौच का, यावरही दोन बैठका झाल्या. चुनार, नौगढ, विजयगढ हा चंद्रकांतेचा मुलूख लखनौपासून लांब, पार बनारसच्या पलीकडे, असा भाच्याचा आक्षेप. त्यावर मामांनी अध्यक्षीय अधिकारात सांगितलं, "देवकीनंदन खत्रींनी 'चंद्रकांता' लिहिली १८८८ साली. पण अय्यार आणि तिलिस्म, म्हणजे मंतरलेले चकवे, हा माल त्यांच्याआधी उर्दू दास्तानवाल्यांकडे होता, आणि त्या मालाची मोठी पेठ लखनौ. आधी घाऊक बाजार बघू, मग किरकोळ." खजिनदारांना एवढंच कळलं की मुंबईहून लखनौला थेट गाडी आहे. ठराव मंजूर.

गाडीचं नाव पुष्पक एक्स्प्रेस. अद्भुताच्या भक्तांना याहून शुभशकुन कोणता? फरक इतकाच की मूळ पुष्पकाला भुसावळ लागत नसे, त्यामुळे त्यात केळी मिळत नसत. भोपाळ येईपर्यंत मामींच्या पिशवीतून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, पत्त्यांचा कॅट, उशीचा अभ्रा आणि अमृतांजन निघालं. दास्तानातल्या अमर अय्यारकडे एक जंबील असते. ती म्हणजे अशी झोळी, जिच्यात अख्खी शहरं मावतात आणि तरी जागा उरते. मामांना हे वाचून माहीत होतं. मामींना वाचायची गरज नव्हती.

लखनौत पहिला मुक्काम बडा इमामबाडा, कारण त्याच्या माथ्यावर भूलभुलैया आहे आणि मंडळाला तिलिस्म फोडायचं होतं. नवाब आसफुद्दौल्याने १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून ही वास्तू बांधायला घेतली. दिवसा बांधायचं आणि रात्री थोडं पाडायचं, म्हणजे दुष्काळ सरेपर्यंत काम सरायला नको, असंही सांगतात. "म्हणजे हल्लीची डेली सोप," मामी म्हणाल्या. खालचं दालन सुमारे पन्नास मीटर लांब, आणि मधे एक खांब नाही, एक तुळई नाही. एवढ्या छताचा भार हलका व्हावा म्हणून वरती पोकळ बोळांचं जाळं ठेवलं. तोच हा भूलभुलैया. थोडक्यात, जगाला चकवणारं हे तिलिस्म एका इंजिनिअरने हिशोबाने केलेलं आहे, हे ऐकून खजिनदारांना पहिल्यांदा सहलीत रस वाटू लागला.

गाइडने सज्जाच्या दूरच्या टोकाला जाऊन कागद फाडला. तो आमच्या कानाशी फाटल्यासारखा ऐकू आला. मग तो म्हणाला, "रास्ते एक हजार चौबीस हैं, निकलने का एक." एवढं बोलून तो एका कमानीतून गेला आणि दिसेनासा झाला. गाइडची हीच रीत असते, पण मामांना ती अय्यारी वाटली. हात पसरला तर दोन्ही भिंतींना कोपरं लागतील असा बोळ, मधूनच गुडघ्याएवढ्या उंचीच्या पायऱ्या, आणि प्रत्येक वळणावर तीच कमान. मामा पुढे झाले. डावीकडे, डावीकडे, वर, पुन्हा डावीकडे, आणि आम्ही परत पहिल्या कमानीशी. दमून मामा पायरीवर बसले. मामींनी अमृतांजनाची बाटली उघडून त्यांच्या नाकाशी धरली. "लखलखा," भाचा हळूच म्हणाला. मंडळाच्या परिभाषेतला हा त्याचा पहिला शब्द. मामांनी तो डोळे मिटूनच इतिवृत्तात घ्यायला सांगितला.

बाहेर आलो तेव्हा ई-रिक्षावाला थांबलाच होता. मामांना हायसं वाटलं आणि सवयीने त्यांच्या भुवया वर गेल्या. रिक्षावाल्याने आरशात पाहिलं, त्याच्याही भुवया चढल्या, आणि रूमी दरवाजाच्या ऐन कमानीसमोर त्याने हॉर्नच्या वर आवाज काढून जे 'यक्कू' ठोकलं त्यापुढे मामांचं शिकाऊ वाटावं. मग भाड्याची घासाघीस करायला खजिनदारांची जीभ रेटेना. मंडळाचं एवढं आर्थिक नुकसान पूर्वी कधी झालं नव्हतं.

हजरतगंजात नवलकिशोर रोड आहे. ज्यांच्या नावाचा हा रस्ता त्या मुन्शी नवलकिशोरांनी १८५८ साली लखनौत छापखाना काढला. पुढे त्यांनी दास्तानगोंना, म्हणजे दास्तान सांगणाऱ्यांना, बसवून घेतलं आणि तोंडी चाललेली अमीर हमजाची दास्तान कागदावर उतरवून घ्यायला सुरुवात केली. १८८३ पासून त्यातलाच 'तिलिस्म-ए-होशरुबा' छापून येऊ लागला. पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांचे, पुढचे अहमद हुसैन कमर यांचे. म्हणजे मालिका चालू असताना लेखक बदलायची प्रथाही जुनीच. सगळी दास्तान मिळून खंड झाले ४६. पानं चाळीस हजारांच्या वर. भाचा गप्प झाला. त्याच्या ७३ भागांचा तोरा नवलकिशोर रोडच्या फुटपाथवर उतरला.

आणि भक्त म्हणाल तर तेही तोलामोलाचे. गोरखपुरात एक पोरगा 'तिलिस्म-ए-होशरुबा' वाचून झपाटला. पुढे तो प्रेमचंद झाला आणि १९२० च्या दशकात याच नवलकिशोर प्रेसच्या 'माधुरी' मासिकाचा संपादक होऊन लखनौला आला. मालिकेच्या चाहत्याला थेट निर्मात्याच्या कचेरीत खुर्ची मिळावी, याहून मोठी स्वप्नपूर्ती नाही. नंतर हे खंड दुर्मीळ झाले, तेव्हा शम्सुर्रहमान फारुकींनी ते एकेक करून जमवले, वाचले आणि त्यांच्यावर ग्रंथ लिहिले. त्यांच्याच नादाने त्यांचे पुतणे महमूद फारुकी यांनी २००५ साली दास्तानगोई पुन्हा रंगमंचावर उभी केली. आज लखनौतही तरुण दास्तानगो आहेत. काकांचं ऐकून पुतण्याने एखादी गोष्ट पुढे नेली, ही वार्ता महाराष्ट्रातून आलेल्या आम्हा मंडळींना तिलिस्माहून अद्भुत वाटली.

मामींचा या सगळ्यावर विश्वास नव्हता. त्यांचं दैवत नाट्यसंगीत. कैसरबागेत वाजिद अली शाहच्या परीखान्यात आता संगीताचं विद्यापीठ आहे आणि त्यावर नाव आहे भातखंड्यांचं. विष्णू नारायण भातखंडे, वाळकेश्वरचे. घराण्याघराण्यांनी कुलपात ठेवलेल्या चिजा मिळवून त्यांनी स्वरलिपीत छापल्या आणि १९२६ साली इथे कॉलेज काढलं. "हे खरं तिलिस्म फोडणं," मामी म्हणाल्या, आणि दारातूनच त्यांनी हात जोडले.

मामा याच संधीची वाट बघत होते. "याच लखनौत अमानतने 'इंदरसभा' लिहिली, १८५० नंतर. सब्ज परी, लाल देव, काळा देव, आणि गाणीच गाणी. ते नाटक पारशी कंपन्यांनी गावोगाव नेलं. १८८० साली पुण्यात ते बघून अण्णासाहेब किर्लोस्करांच्या मनात आलं, असं मराठीत का नको? आणि त्याच वर्षी 'शाकुंतल' उभं राहिलं."

मामी थांबल्या. "म्हणजे आमचं शाकुंतल तुमच्या यक्कूच्या खानदानातलं?"

"लांबून," मामा नम्रपणे म्हणाले. संसारात त्यांनी वाद जिंकल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

चौकातल्या गोल दरवाजापाशी थंडीच्या दिवसांत सकाळी मक्खन-मलाई मिळते. रात्रीच्या दवात ठेवलेलं दूध घुसळून काढलेला हलका केशरी फेस. द्रोणात डोंगरभर दिसतो, तोंडात घातला की काहीच नाही. खजिनदारांनी दुसरा द्रोण घेतला, केवळ पहिला खरंच खाल्ला का याची खात्री करायला. शेजारी एक वयस्कर गृहस्थ सावकाश खात होते. कुठून आलात, कशासाठी, अशी अदबीने चौकशी झाली आणि मामांनी आपल्या मुंबईच्या हिंदीत चंद्रकांता सांगायला घेतली. "वो कुमार उसको छुडाने को जाता है, तो ये क्रूरसिंह बीच में टपकता है." गृहस्थांनी एकही व्याकरणाची चूक कपाळावर दिसू दिली नाही. भाच्याने मधेच आपल्या बिघडलेल्या शेवटाची कैफियत मांडली.

"तो खत्म ही क्यों की, बेटा?" गृहस्थ म्हणाले. मग त्यांनी लखनौकरांची आवडती आख्यायिका सांगितली. प्रियकर आणि प्रेयसी यांच्यामध्ये फक्त एक पडदा उरलेला असताना एका दास्तानगोने गोष्ट थांबवली आणि पडद्याचं, त्याच्या जरीचं, त्यामागच्या धडधडीचं वर्णन कित्येक दिवस चालू ठेवलं. श्रोते रोज येत राहिले. दास्तान थांबवून धरणं ही उस्तादाची कसोटी. शेवट काय, कुणीही करतो. "आपकी चंद्रकांता कितने में निपट गई?"

"कादंबरी एक," मामा छाती काढून म्हणाले, "और उसके बाद 'चंद्रकांता संतति', पूरे चौबीस भाग!"

"बस चौबीस?" गृहस्थांच्या चेहऱ्यावर खरीखुरी हळहळ होती. "बेचारे को कहीं जाना होगा."

त्याच रात्री मंडळाची तातडीची बैठक झाली. कुठलीही चांगली गोष्ट संपवू नये, असा ठराव भाच्याने मांडला, मामांनी त्याला अनुमोदन दिलं आणि मंडळातली फूट मिटली. एकटे खजिनदार विरोधात गेले. चाळीस हजार पानांना वर्गणी किती पडेल, हे त्यांनी तोवर काढून ठेवलं होतं.