अनंतकाळ जगणारं कुटुंब, ता. भोकरदन

बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलेल्या पोराला जालन्यात लोक दोनच प्रश्न विचारतात. एमपीएससी करतोस का, आणि कापसाचा भाव वाढेल का? पहिल्याला हो म्हटलं की माणूस गप्प बसतो. दुसऱ्याला काहीही म्हटलं तरी बसत नाही. मी शेवटच्या वर्षाला होतो तो २०२२-२३ चा हंगाम, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाला भलताच जोर होता.

त्यातच आमच्या सरांनी अभ्यासक्रमाचं कुंपण ओलांडलं. समग्रलक्षी अर्थशास्त्राचे नेमलेले धडे दिवाळीआधीच उरकले आणि वर्गात टिकून राहिलेल्या चार-पाच टाळक्यांपुढे डेव्हिड रोमर यांच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड मॅक्रोइकॉनॉमिक्स’ची झेरॉक्स ठेवली. हे पुस्तक अमेरिकेत पीएच.डी.च्या पोरांना लावतात, असं त्यांनी कौतुकानं सांगितलं. आम्ही ती धमकी समजलो. गणिताची आणि आमची ताटातूट दहावीतच झालेली. राजूरवरून एसटी जायची तेव्हा गणपतीला बसमधूनच हात जोडायचो, पण डेरिव्हेटिव्ह हे खातं त्याच्याकडे नसावं.

पहिल्याच आठवड्यात रॅम्सी भेटला. केंब्रिजचा फ्रँक रॅम्सी. देशानं उत्पन्नातलं खावं किती आणि मागं टाकावं किती, हा हिशेब त्यानं १९२८ साली मांडला आणि दोनच वर्षांनी, सव्विसाव्या वर्षी, तो वारला. त्याच्या नावानं चालणाऱ्या मॉडेलमधलं कुटुंब मात्र मरतच नाही. ते अनंतकाळ जगतं. पुढचं सगळं त्याला आजच दिसतं, आणि आज एक घास कमी खाल्ला तर पुढच्या पिढ्यांच्या ताटात काय पडेल हे मोजून ते जेवायला बसतं. शिवाय अख्ख्या देशात हे एकच कुटुंब, बाकीचे सगळे त्याच्या हुबेहूब नकला. याला म्हणायचं प्रातिनिधिक कुटुंब. सर म्हणाले, “लांब कशाला जाता, आपापल्या घरात बघा.” सर आमच्या घरी कधी आलेले नव्हते.

आमच्या घरात त्या हिवाळ्यात माणसांपेक्षा कापूस जास्त राहत होता. आदल्या हंगामात भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. यंदा लांब धाग्याचा हमीभाव होता ६,३८० रुपये. बाजार त्याच्या बराच वर होता, पण दहाच्या खाली, म्हणून गावात कोणी काटाच लावू देईना. मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस. शनिवार-रविवारी गावी गेलो की त्याच गंजीला पाठ टेकून मी ऑयलरचं समीकरण वाचायचो. साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात आणि अंगाला खाज सुटते. डाव्या हातात झेरॉक्स, उजवा हात पाठीवर. आज खावं की उद्या, याचा काटेकोर तोल सांगणारं ते समीकरण मी संपूर्णपणे खाजवत शिकलो. गावातल्या दुकानात मलमाची ट्यूब मिळेनाशी झाली, तेव्हा टंचाईचं प्रकरण वेगळं वाचावं लागलं नाही.

आता ‘अपेक्षा’ हे प्रकरण. लोक मागचं बघून पुढचं ठरवतात, असं आधी मानत. १९६१ साली जॉन म्युथनं सांगितलं की तसं नाही, लोक हाताशी असलेली सगळी माहिती वापरतात. चुका होतात, पण पुन्हा पुन्हा एकाच बाजूला होत नाहीत. पुढं रॉबर्ट ल्युकास यांनी यावर सगळं समग्रलक्षी अर्थशास्त्र फिरवलं आणि १९९५ चं नोबेल घेतलं. या दोघांना आमच्या पारावर एक हंगाम बसवायला हवं होतं. भाव वाढणार तो संक्रांतीनंतर. संक्रांत झाली, तर मार्चएंडनंतर. मार्च गेला, तर अक्षय्य तृतीयेनंतर. सगळे एकाच बाजूला चुकत होते आणि एकमेकांकडे पाहून धीर धरत होते.

पारावर निदान एकमत तरी होतं, घरात तेही नाही. अण्णा मागच्या वर्षीच्या भावावर चालत होते. दादा रात्री मोबाईलवर न्यूयॉर्कचा वायदा बघायचा आणि सकाळी अण्णांशी बोलायचा नाही. आईचं एकच, “इका नाहीतर नका इकू, माझी खोली रिकामी करा.” राहिली आजी. तिच्या कणगीत वर्षाची ज्वारी कायम शिल्लक. त्या बाबतीत ती रॅम्सीच्या वरताण. पण पेन्शनचे पैसे आले की त्याच दिवशी गुडदाणी आणि तंबाखू. “उद्याचं कोणी पाह्यलं?” ज्वारीसाठी एक सबुरी, तंबाखूसाठी दुसरी. एकट्या आजीचाच प्रातिनिधिक नमुना निघेना, तिथं देशाचं काय घेऊन बसलात.

केन्स मात्र आजीला पटला. मंदीत सरकारनं काहीच सुचत नसेल तर नोटा बाटल्यांत भरून जुन्या खाणींत पुराव्या आणि लोकांना उकरू द्याव्यात, असं त्यानं १९३६ च्या ग्रंथात चेष्टेनं लिहिलंय. मी हे सांगितल्यावर आजी म्हणाली, “पुरायच्या कामून? आमच्याकडून खडी फोडून घेतली, रस्ता तरी झाला.” बहात्तरच्या दुष्काळात ती सरकारी दुष्काळी कामावर होती. मी लगेच वही काढली. “आजी, हातात आलेल्या रुपयातला किती खर्च व्हायचा?”

“किती म्हंजे? समदा. उरायला होताच किती?”

सीमांत उपभोग प्रवृत्ती एक. खर्चलेला रुपया हातोहात फिरून किती पट उत्पन्न करतो, तो गुणक. पुस्तकाप्रमाणे तो म्हणजे एक भागिले, एकातून ही प्रवृत्ती वजा. खाली शून्य आलं आणि गुणक निघाला अनंत. आजीच्या एका दिवसाच्या मजुरीवर त्या वर्षी सगळा देश श्रीमंत व्हायला हवा होता. सरांना दाखवलं तर त्यांनी विचारलं, “घेतलं काय त्या पैशाचं?” मिलो घेतली होती. ती लाल, परदेशी ज्वारी. “मग गेला की पैसा बाहेर. याला आयातीची गळती म्हणतात.”

इकडं जालन्यात व्याजदर शिकायला पुस्तक लागलंच नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर चारवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. माझ्या घरमालकांचा हप्ता वाढला आणि वरच्या मजल्याचं काम थांबलं. सळया बनवणाऱ्या शहरात गच्चीवर सळया नुसत्याच उभ्या राहिल्या. व्याज वाढलं, गुंतवणूक घटली, हे अर्थशास्त्रज्ञ हिक्सच्या १९३७ च्या आकृतीबरहुकूम झालं. मग मालकांनी वाढलेला हप्ता माझ्या भाड्यात टाकला. महागाई आवरायला वाढवलेल्या दरानं माझं भाडं का वाढावं, हे हिक्सच्या आकृतीत कुठंच नव्हतं.

जूनमध्ये पेरणी तोंडावर आली, बियाण्याला पैसे हवे होते. भाव सातच्या आसपास आला होता. कापूस टेम्पोत चढत असताना अण्णांनी मला बाजूला घेतलं. “ते तुझ्या पुस्तकातलं कुटुंब, त्यानं कधी इकला असता?”

“अण्णा, त्यांच्याकडे कापूस नसतो. एकच माल असतो. तोच खातात, तोच साठवतात, तोच परत गुंतवतात.”

“म्हंजे ज्वारी,” आजी ओट्यावरून म्हणाली.

“भाव काय तिथं?” अण्णांनी विचारलं.

“एक. कायम एक धरतात. वाढत नाही, पडतही नाही.”

अण्णांनी टेम्पोवाल्याला हात करून थांबवलं. “पडतच नाही? कोणत्या तालुक्यात येतं रे हे?”