चीजकाका

आमच्या सोसायटीत गाण्यातले जाणकार तीन, हापूसमधले सात आणि शेअर बाजारातले तर जिन्यागणिक एक. चीजमधला जाणकार मात्र एकच. ते पद त्यांनी स्वतःच निर्माण केलं आणि स्वतःच भरलं. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण पोरं त्यांना चीजकाका म्हणतात आणि आता कुरिअरवालाही त्याच नावानं पत्ता विचारतो.

काका बँकेत होते, कर्ज विभागात. समोरच्याची सगळी कागदपत्रं बरोबर असली तरी कुठंतरी एक सही राहिलेली असतेच, या श्रद्धेवर त्यांनी उभी नोकरी काढली. निवृत्तीनंतर ती श्रद्धा वापरायला जागा उरली नाही, तेव्हा भाजीवाल्यांना फार त्रास झाला. मग मुलाकडं नेदरलँड्सला जाणं झालं. सूनबाईंचं बाळंतपण होतं, त्यामुळं काकूंना श्वास घ्यायला फुरसत नव्हती आणि काकांना श्वास घेण्यापलीकडं काही काम नव्हतं. हिंडता हिंडता ते गौडा नावाच्या गावी पोहोचले. तिथं उन्हाळ्यात दर गुरुवारी चीजचा बाजार भरतो. चौकात मोठमोठी पिवळी चाकं मांडलेली असतात आणि विकणारा नि घेणारा एकमेकांच्या तळहातावर टाळ्या देत भाव ठरवतात. पण काकांना टाळ्यांचं कौतुक नव्हतं. व्यापारी एक पन्हळीसारखं पोलादी हत्यार चीजच्या पोटात खुपसतो, फिरवतो, आतला नमुना बाहेर ओढतो, हुंगतो, चिमूटभर चाखतो आणि उरलेला तुकडा परत त्याच भोकात बसवून टाकतो. कर्ज विभागातल्या माणसाला याहून मोठा साक्षात्कार कुठला व्हायचा!

परत आले ते असलं एक हत्यार बॅगेत घालूनच. शिवाय ‘गौडा’ म्हणायचं सोडून ते घशातून ‘खाउडा’ म्हणायला लागले. पहिले काही दिवस शेजारच्या वहिनी त्यांना हळदीचं दूध पाठवत होत्या.

काकांकडचं बोलावणं कधी ‘खायला या’ असं येत नाही. ‘शनिवारी जरा चाखायला या’ असं येतं, आणि या दोन्हींतला फरक तिथं गेल्यावर भुकेला कळतो. चीज तासभर आधी फ्रीजबाहेर काढलेलं असतं. (एप्रिलमधल्या पुण्यात तासभर म्हणजे ब्री आपल्या पायांनी दार उघडायला येतं.) सौम्य चवीपासून उग्र चवीपर्यंत तुकडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकाला वेगळी सुरी. खाली लाकडी फळी. ती आधी पोळपाट होती. एकदा त्यावर निळं चीज रात्रभर राहिलं आणि दुसऱ्या दिवशीच्या पोळ्यांना जो दरवळ आला, तेव्हापासून काकूंचा पोळपाट कपाटात कुलपाआड असतो.

एका शनिवारी तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरसाहेबांनी ब्रीच्या त्रिकोणी फोडीचं टोक सरळ आडवं कापून तोंडात टाकलं. खोलीत जी शांतता पसरली ती मी कुणाच्या दहाव्यालाही पाहिलेली नाही. ब्री बाहेरून आत पिकत जातं, म्हणून फोड लांबीच्या दिशेनं कापायची, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला मधल्या टोकापासून कडेपर्यंतचं थोडंथोडं सगळं येतं. फ्रान्समध्ये टोक उडवणारा माणूस असंस्कृत समजला जातो. हे सगळं काकांनी थकबाकीची नोटीस वाचून दाखवावी त्या आवाजात सांगितलं. साहेब म्हणाले, “अहो, मग आधी सांगायचं ना.” काका म्हणाले, “नियम माहीत नव्हता ही सबब होत नाही.” त्याच बैठकीत सोसायटीतले नाना एडमचा तुकडा बराच वेळ चघळत होते. शेवटी म्हणाले, “चव छान आहे हो, पण जरा चिवट आहे.” त्यांनी वरचं लाल मेणही खाल्लं होतं.

काकांकडं काम करणाऱ्या मावशींची गोष्ट याहून करुण आहे. मुलानं पाठवलेलं कामेंबेर फ्रीजमध्ये होतं. वर पांढरी मखमल. ही मखमल म्हणजे मुद्दाम वाढवलेली बुरशी. पेनिसिलियम कामेंबेर्ती असं तिचं भारदस्त नाव आहे आणि चीजला मऊपणा येतो तो तिच्याच कृपेनं. मावशींनी ते फेकलं असतं तर काकांनी एक दिवस सुतक पाळून विषय संपवला असता. पण मावशी नेक. त्यांनी सुरीनं सगळी बुरशी खरवडली, चीज नळाखाली स्वच्छ धुतलं आणि पुसून, डब्यात घालून परत ठेवलं. “दादा, लई बुरशी आल्ती. काढून ठिवली.” काकांनी त्यांना समोर बसवून अर्धा तास बुरशीचं माहात्म्य सांगितलं. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग आमच्याकडं पावाला येती ती पन फेकायची न्हाई का?” त्यावर पुन्हा अर्धा तास गेला. भांडी तशीच राहिली.

काकांचा एक गुण मात्र मान्य करायलाच हवा. त्यांना खोटं बोलता येत नाही. संकष्टीला त्यांच्या आत्या आल्या होत्या. चीज दुधाचं, म्हणजे उपासाला चालेल, असा हिशेब करून त्यांनी मुलाच्या सामानातून आलेल्या पार्मेजानचा खडा उचलला. तो तोंडापाशी नेता नेता सहज विचारलं, “हे विरजतात कशानं रे?” दुसरा कुणी असता तर ‘लिंबानं’ म्हणून मोकळा झाला असता. काकांनी सांगितलं की खरं पार्मेजान करायचं तर नियमानं वासराच्या जठरातलं रेनेटच वापरावं लागतं. आत्यांचा हात जिथल्या तिथं थांबला. मग काका घाईघाईनं समजावू लागले की आपल्याकडच्या चीजमध्ये बहुधा सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट असतं, पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून घ्यायचा, काही काळजी नाही. आत्या तोवर आंघोळीला गेल्या होत्या.

काकू या सगळ्याकडं हिशेबनिसाच्या नजरेनं बघतात. पार्मेजानचं एक चाक साधारण चाळीस किलोचं, त्याला साडेपाचशे लिटर दूध लागतं आणि निदान बारा महिने ते मुरवावं लागतं, असं काका रंगून सांगत होते. काकू म्हणाल्या, “आपल्याकडं रोज एक लिटर येतं. म्हणजे दीड वर्ष चहा बंद.” स्विस एमेंटालमधली भोकं दुधात पडलेल्या गवताच्या बारीक कणांमुळं पडतात, असं तिथल्या संशोधकांनी २०१५ मध्ये सांगितलं. त्या कणांभोवती वायू साठत जातो, आणि दूध काढणं जसजसं स्वच्छ होत गेलं तसतशी भोकं कमी झाली. हे ऐकल्यावर काकूंनी फक्त आमच्या दूधवाल्याचं नाव घेतलं.

पण काकूंचा खरा विजय ब्रुनोस्टच्या वेळी झाला. मुंबईतल्या एलेफ्थेरिया या चीज बनवणाऱ्या कंपनीच्या ब्रुनोस्टला २०२१ च्या वर्ल्ड चीज अवॉर्ड्समध्ये रौप्य मिळालं होतं. काकांनी ते मागवलं आणि आम्हांला बोलावलं. ब्रुनोस्ट मूळचं नॉर्वेचं, तपकिरी रंगाचं. चीज करून उरलेली निवळ तासन्‌तास आटवायची, म्हणजे तिच्यातली साखर करपायच्या अलीकडं येऊन खरपूस होते. काकांनी कागदासारखा पातळ पापुद्रा काढून काकूंच्या हातावर ठेवला. काकूंनी तो जिभेवर घोळवला आणि म्हणाल्या, “आमच्या सासूबाईंनी कढईला लागलेला खवा असाच खरवडून दिला होता मला. पदक नव्हतं मिळालं त्यांना.” काका गप्प बसले. ही घटना सोसायटीत अजून सांगतात.

रस्त्यावरच्या चीजशी काकांचं उभं वैर आहे. चीज डोसा, चीज वडापाव, मिसळीवर चीज, सगळीकडं किसणीचा पाऊस. एकदा सँडविचच्या गाडीवर त्यांनी विचारलं, “यात चीज कुठलं घालता?” गाडीवाला म्हणाला, “पिवळं.” काकांनी पुढं काही विचारलं नाही. सगळ्या कागदपत्रांची पूर्तता झालेला अर्ज त्यांच्यासमोर प्रथमच आला असावा.

आता इतकी थट्टा केल्यावर एक गोष्ट सांगितली पाहिजे. बोलायचं थांबून काका स्वयंपाकघरात जातात तेव्हा ते वेगळे असतात. ज्वारीची भाकरी शक्य तितकी पातळ थापून घेतात (थापतात काकू), मंद तव्यावर दाबत दाबत पापडासारखी कडक करतात आणि हातानंच वेडेवाकडे तुकडे करतात. त्यावर निळ्या चीजचा नखाएवढा चुरा, पुरंदरच्या अंजिराची ताजी फोड, महाबळेश्वरच्या मधाचा एक थेंब, आणि वरून ताजी कुटलेली मिरी. बस्स. खारट, गोड, उग्र आणि भाकरीचा खमंगपणा एकाच घासात येतो आणि चाखायला बोलावलेली मंडळी मुकाट्यानं खायला लागतात. त्या दिवशी काका कुठल्या गुहेतलं, कुठल्या मेंढीचं, काही सांगत नाहीत. ताटली रिकामी होईपर्यंत फक्त बघत राहतात. विदेशी चीजबरोबर विदेशी बिस्किटंच हवीत असा आग्रह धरणाऱ्या महागड्या हॉटेलांपेक्षा मला हे कितीतरी मोठं रसिकपण वाटतं.

तेव्हा त्यांच्या बोलण्यातलं निम्मं सोडून दिलंत तरी चालेल, पण चीज आधी फ्रीजबाहेर काढायची गोष्ट तेवढी ऐका. गार चीजमधला स्निग्धांश घट्ट झालेला असतो आणि वास दबलेला असतो. तुम्ही पैसे ज्याचे दिलेत तेच नेमकं मिळत नाही. तासभर आधी काढा. एप्रिल-मेमध्ये वीस मिनिटं पुरेत.