ग्रुपवर राजकारण नको

छंदाच्या मंडळींत मताने एकटा पडलेला माणूस देहूरोड परिसरात बारा महिने आढळतो. पावसाळ्यात तो जास्त दिसतो, कारण पावसाळ्यात ट्रेक जास्त निघतात. रविवारी सकाळच्या लोणावळा लोकलमध्ये तो सॅक पोटाशी धरून दाराजवळ उभा असतो. बूट, रेनकोट, डब्यातली चटणी-पोळी, गडांची यादी, घाटवाटांचे वेड, सगळे इतरांसारखेच. त्याचे वेगळेपण कळायला मळवली जवळ यावी लागते. बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव इथवर गप्पा पावसाच्या असतात. वडगाव-कान्ह्याला त्या खड्ड्यांवर येतात. कामशेतला कुणीतरी "बाकी काही म्हणा, पण…" अशी सुरुवात करतो आणि सगळ्या माना डोलतात. एक मान डोलत नाही. ती बाहेरची भातखाचरे बघत असते.

हा माणूस कार्यकर्ता नसतो. त्याच्या गच्चीवर झेंडा नसतो आणि मोर्चाला तो गेलाच असेल तर बोनससाठी. त्याचे मत कोणत्या रंगाचे आहे हे गौण आहे. त्याचे एकटेपण ठरते ते बाकीच्यांच्या रंगावर. दुर्गप्रेमींत तो बहुधा डावीकडचा, आंबेडकरी किंवा नुसताच शंकेखोर निघतो. चित्रपट मंडळात किंवा नदी वाचवणाऱ्यांत उजवीकडचा माणूस हीच भूमिका बजावतो. दोघांची लक्षणे एकच: हसणे उशिरा, होकार अर्धा, आणि चहाचे पैसे द्यायला सगळ्यांत पुढे.

देहूरोडच्या माणसाची अशी गत व्हावी हे नवलच, कारण भिन्न मतांशेजारी नांदण्याचा सराव या गावाला दांडगा आहे. लष्करी डेपो आणि आयुध निर्माणीच्या आधाराने वाढलेले हे छावणीचे गाव. इथे टेकडीवर तमिळ मंडळींचा सुब्रमण्यम आहे आणि २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केलेला विहारही आहे. आयुध निर्माणी क्षेत्रात तर मताला चक्क पावती मिळते. डाव्या विचारांचा एक महासंघ, काँग्रेसकडे झुकलेला दुसरा आणि भारतीय मजदूर संघाशी जोडलेला तिसरा. कोण कुणाचा हे गेटवरच्या पहारेकऱ्यालाही ठाऊक असते. ऑक्टोबर २०२१मध्ये देशातल्या ४१ आयुध निर्माण्यांच्या ७ कंपन्या झाल्या, तेव्हा या निर्णयाला तिन्ही महासंघांचा विरोध होता. त्यांतल्या एकाचे वैचारिक गोत्र सरकारशी जुळत होते, तरीही. सोमवार ते शनिवार ज्याला आपले मत सांगताना जीभ अडखळत नाही, तोच रविवारी लोहगडच्या पायरीवर मुका होतो. गेटवर राजकारणाला राजकारण म्हणतात. गडावर त्याला इतिहास म्हणतात, आणि इतिहासाच्या विरोधात द्वारसभा घेता येत नाही.

या मुकेपणाचे मूळ प्रत्येक छंदगटाच्या पहिल्या नियमात आहे: ग्रुपवर राजकारण नको. नियम अ‍ॅडमिनने केलेला असतो, चांगल्या हेतूने केलेला असतो आणि त्याची व्याख्या कुठेही दिलेली नसते. व्यवहारातून ती अशी समजते. बहुसंख्यांना जे पटते ते संस्कृती, माहिती किंवा गंमत. उरलेल्यांना जे वाटते ते राजकारण. नगरसेवकपदाच्या इच्छुकाने बस करून दिली आणि बसच्या काचेवर त्याचा हात जोडलेला फोटो दरवाजाएवढा असला, तरी ते सहकार्य. त्याच बसमध्ये कुणी छावणी परिसरात पाणी किती वेळ येते हे विचारले, तर ते राजकारण. सकाळी सहाला आलेला तलवारीचा फॉरवर्ड ही प्रेरणा, आणि त्याखाली "याला पुरावा काय?" एवढी ओळ टाकली की अ‍ॅडमिन हात जोडलेली इमोजी पाठवून ग्रुप दोन दिवस बंद ठेवतो.

पवना खोऱ्यात या नियमाची कसोटी लागते. तिकोन्यावरून दिसणाऱ्या पाण्याला ट्रेकर ‘बॅकवॉटर’ म्हणतात आणि त्याच्याकडे पाठ करून फोटो काढतात. त्या पाण्याखाली कुणाची शेते गेली, आणि पवना धरणग्रस्तांतल्या अनेकांचे पुनर्वसन अजून कागदावरच का आहे, हे विचारले की वातावरण बिघडते. बऊरचे तसेच. पवनेचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी तिथे द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन आंदोलकांचा जीव गेला. बस तिथून जाताना हे कुणी सांगितले तर पुढच्या सीटवरून "आज तरी नको" असे येते. त्यावर मागून कुणीतरी "या लोकांचा विकासालाच विरोध असतो" म्हणतो. हे मात्र सामान्यज्ञान धरले जाते. गंमत अशी, की बसमधल्या निम्म्यांच्या नळाला पवनेचेच पाणी येते.

घोराडेश्वराच्या डोंगराचा अभ्यास तर स्वतंत्रपणेच करायला हवा. देहूरोडहून तळेगावकडे जाताना हा डोंगर महामार्गाला लागूनच उभा आहे. रोज पहाटे शेकडो माणसे तो चढतात. वर शेलारवाडीची बौद्ध लेणी आहेत, ब्राह्मी शिलालेख आहे. लेण्यात शिवलिंग आहे, महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. तुकोबा एकांतासाठी इथेही येऊन बसत, असे परंपरा सांगते. म्हणजे एका डोंगराचे तीन मालक, आणि चौथे ज्यांना फक्त साखर कमी करायची आहे ते. पायऱ्या सगळ्यांना सारख्याच दमवतात. प्रश्न वर पोहोचल्यावर येतो. टोळीतल्या एकाला विहाराची रचना, भिक्षूंच्या कोठड्या, दानलेख यांत रस असतो. त्याच्या आजोबांनी १९५४चा तो सोहळा पाहिलेला असतो आणि घरात त्याची गोष्ट पाठ असते. बाकीचे घंटा वाजवून आत जातात. तोही जातो, बूट काढतो, प्रसाद घेतो. बाहेर आल्यावर तो "हे मूळचे चैत्य…" एवढे म्हणतो, आणि कुणीतरी खांद्यावर हात ठेवून, प्रेमाने, "जाऊ दे ना, सगळे एकच आहे" असे समजावतो. सगळे एकच आहे हे नेहमी त्यालाच का समजवावे लागते, याचा खुलासा मात्र अजून कुणी केलेला नाही. डोंगराला कोणत्या नावाने हाक मारायची एवढ्यावरून माणूस ओळखता येतो. शहाणे लोक म्हणून नुसते "डोंगरावर जाऊन आलो" म्हणतात.

लोहगडावर लक्षणे अधिक ठळक होतात. भाज्याहून गायमुख खिंडीत आले की उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. दिवसभरात उजव्या-डाव्याचा एवढाच निर्णय विनातक्रार होतो. लोहगडवाडीत पिठले-भाकरी सांगितली जाते. जेवू घालणाऱ्या बाईंना मत विचारण्याची पद्धत नाही. दरवाजे ओलांडून वर गेल्यावर दर्गा लागतो. तिथे टोळीची चाल बदलते: काही जण भरभर पुढे होतात, काही मुद्दाम रेंगाळतात, आणि एकटा पडलेला माणूस दोन्ही टोळ्यांच्या मधोमध पाण्याची बाटली उघडतो. मग गारद होते. गारदेत सगळ्यांचा आवाज एक असतो, त्याचाही. त्याच्या अंगावरही काटा येतो आणि तो खोटा नसतो. घोटाळा गारदेनंतरच्या घोषणेत असतो. "जय भवानी" पार पडते. त्यापुढे कुणी "जय जिजाऊ" म्हणतो, कुणी "जय श्रीराम", आणि जी घोषणा आपली नाही तिच्या वेळी बुटाची नाडी सुटते. मावळातल्या गडांवर इतक्या नाड्या नेमक्या घोषणेलाच का सुटतात, याकडे बूट बनवणाऱ्यांचे लक्ष जायला हवे.

तारखांचाही असाच पेच. शिवजयंती १९ फेब्रुवारीला की फाल्गुन वद्य तृतीयेला? राज्याभिषेक ६ जूनला, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला की निश्चलपुरींनी केलेल्या दुसऱ्या अभिषेकाच्या, म्हणजे २४ सप्टेंबरच्या दिवशी? दिवस निवडला की पक्ष निवडल्यासारखे होते. ज्याला नुसता रायगड चढायचा आहे त्याने भलत्याच दिवशी जावे. रायगडाच्या बसला महाडला चहाचा थांबा असतो. चवदार तळे तिथून जवळच आहे. २० मार्च १९२७चा सत्याग्रह तिथला, त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली तीही महाडलाच. त्यानंतर आंबेडकर रायगडावरही जाऊन आले होते. त्यांना दोन्ही जागा एका दौऱ्यात बसवता आल्या. हल्लीच्या बसला वेळ नसतो, कारण वडापाव गार होतो.

वास्तविक या छंदात राजकारण बाहेरून शिरलेले नाही. १८६९ साली जोतीराव फुल्यांनी शिवाजीराजांवर पोवाडा रचला आणि त्यांना कुळवाडीभूषण ठरवले. १८९६ साली टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर उत्सव झाला. आजच्या ट्रेकच्या बसमध्ये मागच्या सीटवर जो वाद दबक्या आवाजात चालतो, तो त्या दोघांनी भर पानावर आणि भर सभेत मांडला होता. राजकारण नको असे दोघांपैकी कुणीही म्हटले नव्हते. पुढे भांडणे पानांवर राहिली नाहीत. जानेवारी २००४मध्ये भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, डिसेंबर २०१०मध्ये लाल महालातून दादोजी कोंडदेवांचा पुतळा रातोरात हलला. ‘शिवाजी कोण होता?’ हे पुस्तक लिहिणारे गोविंद पानसरे फेब्रुवारी २०१५मध्ये गोळ्या झाडून मारले गेले. एवढे सगळे झाल्यावर ट्रेकची मंडळी गडावर निव्वळ निसर्ग बघायला जातात, हे ऐकून गडालाच हसू यावे.

उजवीकडचा एकटा माणूस थोडक्यात सांगता येतो, कारण त्याची गोष्ट उलट्या आरशातली आहे. देहूरोडहून तो पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावर जुने सिनेमे बघायला जातो. सत्यजित राय त्याला इतरांइतकाच कळतो. पण २०१५ साली एफटीआयआयमध्ये अध्यक्षाच्या नेमणुकीवरून १३९ दिवस संप चालला, तेव्हा "अहो, अभ्यासक्रम तरी पूर्ण करा" एवढे म्हणाल्यावर त्याच्याशेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. तिथेही राजकारण नको असा नियम होता. तिथे संपाला संस्कृती म्हणत होते, एवढाच फरक. नदीप्रेमींत इंद्रायणीचा फेस सगळ्यांनाच दिसतो; तो कुणाच्या सत्ताकाळात किती इंच वाढला, हे मात्र प्रत्येकाच्या पट्टीवर वेगळे येते.

बरे, ज्या मतांवरून हा माणूस एकटा पडतो ती मते तरी पक्की असावीत! मावळ विधानसभेत २०१९ साली भाजपचे तिकीट न मिळालेल्या नेत्याने राष्ट्रवादीतून उभे राहून भाजपच्या मंत्र्याला पाडले. २०२४ साली तेच आमदार महायुतीचे उमेदवार झाले, आणि त्यांच्या विरोधातल्या अपक्षामागे महाविकास आघाडी उभी राहिली, भाजपची स्थानिक मंडळीही. आमदार लाखाहून अधिक मतांनी आले. त्या दिवसांत छंदगटांत विलक्षण शांतता होती. आपण नेमके कुणाच्या विरोधात आहोत हे कुणालाच खात्रीने सांगता येत नसल्याने एकट्या माणसालाही काही आठवडे घरच्यासारखे वाटले.

असाच एक दुर्मीळ सुखाचा काळ २०२५च्या पावसाळ्यात येऊन गेला. पहिलीपासून हिंदीचे शासननिर्णय २९ जूनला मागे घेतले गेले, ५ जुलैला वरळीत दोन्ही ठाकरे एका मंचावर आले, आणि ११ जुलैला युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत लोहगड होता आणि तमिळनाडूतला जिंजीही. देहूरोडच्या ट्रेकच्या टोळ्यांतल्या तमिळभाषकांची त्या दोन आठवड्यांत चंगळ झाली. भाषेच्या प्रश्नावर त्यांचा अनुभव मोठा, राजाराममहाराजांना आसरा देणारा गड त्यांच्या गावाकडचा. जे एरवी "अण्णा, तू पाणी भरून आण" म्हणत, ते आता मत विचारू लागले. ऑगस्टमध्ये पाणी पुन्हा अण्णाच भरू लागला.

अशा माणसांपुढे वाटा मोजक्याच असतात. काही जण प्रथमोपचाराची पेटी सांभाळायला घेतात. पेटीवाल्याला मत विचारत नाहीत आणि काढूनही टाकत नाहीत. काही जण लीडच्याही पुढे चालतात, म्हणजे गप्पा ऐकू येत नाहीत. या वर्गाची तब्येत उत्तम राहते. काही रुसून चौघांचा वेगळा गट काढतात, पण चौघांत भाज्याची रिक्षा महाग पडते आणि दुसऱ्याच ट्रेकला २४ सप्टेंबरवरून दोघे उरतात. एकट्याने जाणारे थोडे. पावसात निसटत्या कातळावर एकट्याने जाऊ नये हे त्यांना कळते. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रची मंडळी दरीत अडकलेल्याला दोर टाकताना पक्ष विचारत नाहीत, पण न विचारले जाण्यासाठी दरवेळी दरीत पडणे परवडत नाही. तेव्हा बहुतेक जण पडत नाहीत, गप्प बसतात, आणि पुढच्या रविवारची वर्गणी शुक्रवारीच भरून मोकळे होतात.